पाणकणसातले ठोके

वरुड्याच्या जलाशयावर स्पंदवेधी यंत्र येणार असल्याचा निरोप मथुराबाई मल्लाव यांच्या फोनवर आला, तेव्हा त्या होडीच्या तळाला डांबर लावत होत्या. निरोप वाचून त्यांनी फोन पालथा ठेवला आणि उरलेलं डांबर लावायचं तसंच राहून गेलं.

निरोपात भिण्यासारखं काही नव्हतं. उलट अभिमान वाटावा असाच मजकूर होता. पाणथळ प्राधिकरणाने कळवलं होतं, की दाट पाणवनस्पतींत दडून राहणारे पक्षी शोधणाऱ्या नव्या यंत्राची पहिली मोठी चाचणी वरुड्याला होणार आहे. वरुड्याची निवड झाली ती मथुराबाईंच्या अकरा वर्षांच्या नोंदींमुळे. लाल तापस या पक्ष्याच्या घरट्यांच्या इतक्या सलग नोंदी राज्यात दुसऱ्या कुणाकडेही नाहीत.

त्या नोंदी खोट्या होत्या. आणि हे आपल्याखेरीज कुणालाच माहीत नाही, असं मथुराबाई समजत होत्या.

लाल तापस बघणं हे मोठं चिकाटीचं काम. पक्षी बगळ्याच्या कुळातला, पण बगळ्यासारखा उघड्यावर उभा राहणारा नव्हे. अंगाने कबुतराहून थोडा मोठा, विटकरी रंगाचा. राहतो पाणकणसात, म्हणजे काठाकाठाने पुरुषभर उंच वाढणाऱ्या लांब पात्यांच्या रानात. चाहूल लागली तरी उडत नाही. मान आणि चोच सरळ आभाळाकडे करून पात्यांमध्ये पात्यासारखाच उभा राहतो. वारा आला तर पात्यांबरोबर डुलतोसुद्धा. दोन हातांवरून होडी निघून जाते आणि होडीतल्याला पत्ता लागत नाही.

मथुराबाईंनी तो उडताना पाच-सहा वेळा पाहिला होता. त्याचा ‘कोक-कोक-कोक’ असा आवाज तर दर श्रावणात ऐकला होता. घरटं मात्र आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी वरुड्याला जलविहार केंद्र करायचं ठरलं होतं. सगळं पाणकणीस मुळापासून काढायचं, काठ सिमेंटने बांधायचा, पाण्यात स्कूटर फिरवायच्या. मथुराबाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या. नवरा वारल्यावर होडी त्यांनी हातात घेतली होती आणि पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवता फिरवता पक्ष्यांची नावं, आवाज, सवयी शिकून घेतल्या होत्या. सुनावणीच्या आदल्या दिवशी एका बाहेरच्या जाणकाराने त्यांना सांगितलं, ‘आवाजाचा उपयोग नाही. दुर्मीळ पक्षी इथे घरटं करतो अशी नोंद असेल तरच हे थांबेल.’ मथुराबाईंनी कोरा तक्ता घेतला आणि लिहिलं: लाल तापस, मधलं बेट, घरटी तीन.

केंद्र रद्द झालं. पण प्राधिकरण तेवढ्यावर थांबलं नाही. त्याने सगळं पाणकणीस संरक्षित गाभा म्हणून बंद केलं, आणि वरुड्यातल्या एकोणीस घरांची चटया विणण्यासाठी होणारी कापणीही बंद पडली. त्यात एक घर हौसाबाईंचं होतं. हौसाबाई म्हणजे मथुराबाईंची थोरली नणंद. दोघी एकाच होडीतून कापणीला जायच्या. बंदी आली त्या आठवड्यात हौसाबाई अंगणात येऊन म्हणाल्या, ‘मथुरे, तुझ्या शब्दाला वजन हाय. कापायचं तेवढं मोकळं करून दे.’ मथुराबाईंना काहीच बोलता आलं नाही. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. हौसाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. दोन घरांत दोनशे पावलांचं अंतर. त्यानंतर अकरा वर्षांत ते कुणीच ओलांडलं नाही.

दर वर्षी प्राधिकरणाचा तक्ता यायचा. मथुराबाई कधी तीन लिहायच्या, कधी चार. एका वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून पाच लिहिली.

*

यंत्राबरोबर डॉ. निलोफर मुजावर आली. सांगलीची, पस्तीस-छत्तीस वर्षांची, चष्मा सतत कुडत्याच्या बाहीने पुसणारी. ती मथुराबाईंच्याच घरी उतरली आणि पहिल्या दिवशी दुपारी अंगणात यंत्र जोडून बसली. दोन छोटे तराफे, प्रत्येकावर एक खांब, खांबावर ताटाएवढ्या चार तबकड्या, आणि हातात धरायचा एक पडदा.

‘ताई, त्या डालग्याखाली काय आहे ते सांगू नका,’ ती म्हणाली. तबकडी वळवली. पडद्यावर एक ठिपका उमटला, शेजारी आकडा आला: २८४.

‘कोंबडी. अंड्यांवर बसलेली असणार, कारण इतके संथ आणि एकसारखे ठोके फिरत्या कोंबडीचे नसतात.’

मथुराबाईंनी डालगं उचललं. कोंबडी खुडूक होऊन बसली होती.

‘हे कसं कळतं?’

‘हृदय आकुंचन पावतं तेव्हा छातीची कातडी हलते. केसाच्या जाडीहूनही कमी. आम्ही लहर सोडतो, ती कातडीवर आपटून परत येते. कातडी किंचित पुढे सरकली असेल तर लहर किंचित लवकर येते. तो किंचितपणाच आम्ही मोजतो.’

‘पण पाणकणसाची पाती वाऱ्याने वीतभर हलतात. त्यात केसाएवढं काय कळणार?’

निलोफर हसली. हा प्रश्न मंत्रालयात कुणी विचारला नव्हता, असं म्हणाली. ‘सहा वर्षं तेवढ्यातच गेली. आखूड लहरींना बारीक हालचाल कळते, पण ओल्या पानांत त्या जिरून जातात. लांब लहरी पानांतून आरपार जातात, पण त्यांना बारीक कळत नाही. आम्ही दोन्ही सोडतो आणि आठ ठिकाणी ऐकतो. वारा कसाही वाहतो, त्याला ताल नाही. हृदयाला ताल आहे. दहा मिनिटं ऐकत राहिलं की बेताल ते सगळं वजा करता येतं. भरल्या बाजारात आपल्या माणसाची हाक ओळखू येते ना, तसंच.’

बोलता बोलता तिने तबकडी फिरवली आणि पडद्याकडे पाहून थांबली. ‘ताई, तुमचे ठोके एकशे बारा आहेत. बसल्या जागी. दवाखान्यात कधी दाखवलंत का?’

‘उन्हातून आले ना मघाशी,’ मथुराबाई म्हणाल्या.

‘बरं.’ निलोफरने तबकडी दुसरीकडे वळवली. ‘आता यंत्राला शिकवायचं ते एवढंच, की यातला तापसाचा ठोका कुठला. पिंजऱ्यातले थोडे पक्षी आम्ही मोजलेत, पण रानात घरट्यावर बसलेला तापस कुणी मोजलेला नाही. म्हणून तुमच्या नोंदी हव्यात. मधल्या बेटात तीन ते पाच घरटी असतात हे तुम्ही अकरा वर्षं लिहिलंय. यंत्राने तेवढी पकडली तर यंत्र बरोबर. नाही पकडली तर तुमच्या आकड्याशी जुळेपर्यंत यंत्राला सुधारायचं. मग ते देशातल्या बावीस पाणथळांवर जाईल.’

मथुराबाई चहा ठेवायला आत गेल्या. चुलीपाशी उभ्या राहून त्यांनी मनात हिशेब मांडला. आजवर ते खोटं वरुड्याच्या कागदावर होतं. आता ते यंत्रात शिरणार आणि यंत्राबरोबर त्यांनी कधी न पाहिलेल्या बावीस तळ्यांवर जाणार. तिथली पाणकणसं राखायची की काढायची, ते यंत्र सांगणार.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी मधल्या बेटाला गेल्या. मागे दोन्ही तराफे बांधलेले होते. बेटापाशी होडी पूर्वीसारखी आत शिरेना. अकरा वर्षं न कापलेलं पाणकणीस आपल्याच वजनाने आडवं पडलं होतं, त्यावर नवं वाढून तेही पडलं होतं, आणि त्या थरात गाळ साचून बऱ्याच ठिकाणी पाय ठेवता येईल अशी जमीन झाली होती. एका जागी तर बाभळीचं रोप आलं होतं. मथुराबाईंना हे दरवर्षी दिसत होतं; पण आज शेजारी दुसरं कुणी बघत होतं, म्हणून ते निराळं दिसलं.

यंत्र दोन तास ऐकत राहिलं. पडद्यावर उंदीर आले. एक मुंगूस आलं. दोन ठिपके चारशेच्या वर धडधडत होते. त्या फटाकड्या, कोंबडीच्या पिल्लाएवढ्या, पात्यांच्या बुडाबुडाने चालणाऱ्या लाजऱ्या पाणपक्षिणी. तापस एकही नव्हता.

निलोफरने तराफे हलवले, पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच.

‘इथे नक्की किती असतात?’ तिने विचारलं.

‘लिहिलंय ना,’ मथुराबाई म्हणाल्या, आणि वल्हं पाण्यात टाकून होडी उगाच थोडी मागे घेतली.

दुपारी निलोफर जेवली नाही. ओटीवर पडदा घेऊन बसली आणि यंत्राची कसोटी ढिली करत गेली, म्हणजे जरासा ताल लागला तरी त्याला तापस धरायचं. सकाळची नोंदवलेली लहर पुन्हा त्यातून घातली. आता बेटात चार तापस आले. मग तिने येताना काठाजवळ, जिथे पाणकणीस नव्हतंच, तिथे नोंदवलेली लहर घातली. तिथेही तीन आले. त्यातला एक पाण्यात अर्धवट बुडालेला ओंडका होता. लाटेच्या तालाने हलत होता एवढंच.

‘तुमच्या आकड्याशी जुळवलं तर हे ओंडक्यालाही तापस म्हणतंय,’ ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. ‘म्हणजे पायाच चुकलाय माझा. सहा वर्षं, ताई.’

मथुराबाई तिच्यासमोर भाकरीचं ताट ठेवून उभ्या राहिल्या. त्या क्षणी सांगता आलं असतं. त्यांनी तोंडही उघडलं, आणि म्हणाल्या, ‘उद्या उगवतीच्या पट्टीला जाऊ. तिथे बघू.’

*

उगवतीची पट्टी म्हणजे जलाशयाच्या पूर्व टोकाला बोटासारखं आत गेलेलं पाणकणीस. तेही बंद भागातच. गावापासून लांब, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. मथुराबाईही वर्षातून एखादी फेरी बाहेरबाहेरून मारायच्या.

निलोफरने यंत्राची कसोटी पहिल्यासारखी कडक केली होती. तराफे थांबले, दहा मिनिटं गेली, आणि पडद्यावर ठिपके येऊ लागले. २५१. २४६. २५८. एकेक जागी स्थिर, संथ, एकसारखे, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीचे होते तसे. तासाभरात सात झाले. निलोफर चष्मा पुसत राहिली.

मग आठवा ठिपका आला. आकडा ७८.

‘हे माणूस आहे,’ ती म्हणाली.

मथुराबाईंनी पात्यांकडे पाहिलं. काही दिसत नव्हतं, काही ऐकूही येत नव्हतं. चाळीस हातांवर कुणीतरी त्यांच्यासारखंच श्वास धरून बसलं होतं.

‘बंद भागात माणूस सापडला तर ते अहवालात आपोआप जातं,’ निलोफर हलक्या आवाजात म्हणाली. ‘मला खोडता येत नाही. उद्या संध्याकाळी पाचला अहवाल बंद होतो. ओळख पटवायचं काम पुढे प्राधिकरणाचं.’

परत फिरताना होडी एका मोकळ्या गल्लीजवळून गेली. तिथलं पाणकणीस कापलेलं होतं. पाण्याच्या वर एक वीत सोडून, तिरका काप, वरचं पाणी आत मुरून बुंधा कुजू नये म्हणून. विळ्याचा असा काप वरुड्यात दोघीच घालायच्या. सासूने सून आणि लेक यांना एकाच दिवशी एकाच होडीत शिकवला होता.

*

चौथ्या दिवशी पहाट फुटता फुटता मथुराबाई एकट्याच छोटी होडी घेऊन निघाल्या. उगवतीच्या पट्टीशी येईपर्यंत उजाडलं होतं. त्या कापलेल्या गल्लीत शिरल्या आणि हाक मारली, ‘वन्सं.’

त्यांनी होडी पुढे घेतली. वळणावर हौसाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, हातात विळा, शेजारी तरंगत्या ट्यूबवर पाणकणसाचा भारा. वय साठीला टेकलेलं, पण पाठ ताठ होती.

‘कालपण तूच हुतीस,’ हौसाबाई म्हणाल्या. ‘त्या खांबावरच्या ताटांनी मला बघितलं का?’

‘बघितलं. नाव नाही कळलं त्याला. पण माणूस आहे हे कळलं.’

‘मग आता शिपाई येतील.’ त्यांनी विळा भाऱ्यात खोचला. ‘येऊ देत. माझ्या हाताला दुसरं काय येत न्हाई. आन् हे कापल्याबिगर ऱ्हावत न्हाई.’

मथुराबाई होडीतच बसून होत्या. रात्रभर जुळवून ठेवलेली वाक्यं सगळी विसरली होती. त्या म्हणाल्या, ‘वन्सं, मधल्या बेटात घरटी नव्हतीच. मी खोटं लिहिलं होतं. अकरा वर्षं खोटंच लिहितेय.’

हौसाबाईंनी पाण्यात हात धुतले. सावकाश, बोटं एकेक करून.

‘मला ठावं हाय,’ त्या म्हणाल्या.

‘कधीपासून?’

‘पहिल्या वर्षापासून. मधल्या बेटात मी जन्मभर कापलंय. तिथं तापस कवा बसला न्हाई, जुनं पाणकणीस त्याला चालत न्हाई. त्याला खाली पाणी लागतं, मासा दिसाया लागतो. तो कापल्या कडंला बसतो, कोवळं फुटतं तिथं.’

‘मग कुणाला सांगितलं का नाही?’

‘कुणाला सांगू? सांगितलं असतं तर ते पाण्यातल्या फटफटीवाले परत आले असते. सगळंच गेलं असतं. तू लिहिलंस म्हणून रान तरी ऱ्हायलं.’ हौसाबाईंनी पहिल्यांदाच मथुराबाईंकडे नीट पाहिलं. ‘तू खोटं लिहिलंस त्याचा मला राग न्हाई. मी अंगणात आले तवा तू मला सांगितलं न्हाईस, त्याचा हाय. मी परकी हुते का?’

मथुराबाईंना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्या म्हणाल्या, ‘चुकलं माझं.’

हौसाबाईंनी होडीची कड धरून ती ओढायला सुरुवात केली. गल्लीच्या टोकाला पाणकणसाचा एक झुबका न कापता ठेवलेला होता, चहूबाजूंनी चार-चार हात सोडून. हौसाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि एक पातं बाजूला धरलं.

पाण्यापासून कमरेएवढ्या उंचीवर पाती मोडून वाकवून केलेली एक ओबडधोबड बैठक होती. तिच्यावर मादी बसली होती. तिने दोघींना पाहिलं, मान ताणून चोच वर केली आणि गळ्याखालच्या तपकिरी रेघा उभ्या पात्यांत अशा मिसळून गेल्या, की बघता बघता ती मथुराबाईंच्या नजरेतून सुटली. पुन्हा शोधावी लागली.

‘असे सात झुबके सोडलेत या साली,’ हौसाबाई कुजबुजल्या. ‘जिथं बसली तिथं विळा लावायचा न्हाई. आईनं सांगितलं हुतं, तुला ध्यानात न्हाई का?’

मथुराबाईंनी ते ऐकलंच नव्हतं. काप शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ताप होता, त्या घरी होत्या.

*

निलोफर ओटीवर सामान बांधत होती. मथुराबाईंनी होडी काठाला लावली आणि ओल्या पायांनीच तिच्यासमोर जाऊन सगळं सांगितलं. जलविहार केंद्र, कोरा तक्ता, तीन घरटी, पुढची दहा वर्षं. पाण्यातली बाई कोण, तेही सांगितलं. हौसाबाईंनीच ‘माझं नाव घाल’ म्हणून बजावलं होतं.

ऐकताना निलोफर हळूहळू खाली पायरीवर बसली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मथुराबाईंना वाटलं, आता ही ओरडेल. पण तिने हात काढले तेव्हा ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

‘म्हणजे यंत्र बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘पहिल्या सकाळीच बरोबर होतं.’

‘हो.’

‘दोन रात्री मी झोपले नाही, ताई. राजीनामा लिहून ठेवला होता.’ मग तिचं हसू ओसरलं. ‘मला राग येतोय तुमचा. तो येऊ द्या जरा.’

‘येऊ दे.’

ती अंगणात दोन चकरा मारून आली. मग तिने पडदा उघडला, हौसाबाईंची कापणी आकाशातून घेतलेल्या चित्रावर आखली आणि कालचे सात ठिपके त्यावर ठेवले. सातही ठिपके ताज्या कापणीच्या कडेपासून पंधरा मीटरच्या आत होते. मागच्या वर्षांची चित्रं काढली; कापणीच्या गल्ल्या दर वर्षी सरकत होत्या, जुनी जागा दोन वर्षं विश्रांती घेऊन पुन्हा कापली जात होती. ज्या भागाला विळा लागला नव्हता, तो वर्षागणिक कोरडा पडत होता. पाण्याची चकाकी चित्रातही कमी होत गेलेली दिसत होती.

‘हे मला कुणीच शिकवलं नसतं,’ निलोफर म्हणाली. ‘यंत्र सांगेल पक्षी कुठे आहे. तो तिथे का आहे हे त्या बाईंना माहीत आहे.’

पाच वाजता अहवाल गेला. त्यात माणसाचा ठिपका होता, नाव होतं, हा नकाशा होता आणि शेवटी मथुराबाईंचं सहीचं निवेदन होतं. घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र निलोफरने लोकांसाठीच्या भागातून वगळल्या. ‘नाहीतर पुढच्या रविवारी शंभर कॅमेरे येतील,’ ती म्हणाली. तेवढा अधिकार तिच्याकडे होता.

*

सुनावणी महिन्याभराने गावातल्या शाळेत झाली. प्राधिकरणाचे अधिकारी खंडेराव जगदाळे शांत, कोरड्या आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी निवेदन वाचलं आणि मथुराबाईंना उभं राहायला सांगितलं.

‘तुम्ही हे स्वतःहून का सांगितलंत? यंत्र सुधारलं असतं तर कुणाला कळलं नसतं.’

‘ते यंत्र सुधारलं नसतं साहेब, बिघडलं असतं,’ मथुराबाई म्हणाल्या. ‘माझ्यामुळे.’

मागच्या बाकांवर एकोणीस घरांतली माणसं बसली होती. काहीजणींच्या नजरा कडवट होत्या, आणि त्या असायलाच हव्या होत्या. एकीने उठून विचारलं, ‘आमची अकरा वर्षं कोण देणार?’ मथुराबाईंनी या वेळी उत्तर बनवून दिलं नाही. शेजारी बसलेल्या हौसाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

जगदाळ्यांनी निर्णय वाचून दाखवला. मथुराबाईंच्या अकरा वर्षांच्या नोंदी रद्द. नोंदणीकार म्हणून त्यांची नेमणूकही रद्द. यंत्राने सात घरटी प्रत्यक्ष नोंदवल्यामुळे जलाशयाचं संरक्षण कायम. जलविहार केंद्राचा प्रश्न पुन्हा उघडणार नाही. मात्र संरक्षणाची रीत बदलेल. पाणकणीस तीन भागांत वाटून दर वर्षी एक भाग गावातल्या बायकांनी कापायचा, घरट्यांभोवती चार हात सोडून. हौसाबाईंवरची कारवाई मागे.

मथुराबाई बाहेर आल्या. व्हरांड्यात निलोफर होती. तिने सवयीने बॅगेतून छोटी तबकडी काढली.

‘बघू नको,’ मथुराबाई म्हणाल्या.

‘बघितलं. बहात्तर.’

त्या दिवशी मथुराबाई दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि दिवे लागायच्या वेळी उठल्या. अशी झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती.

*

पुढच्या श्रावणात मधल्या बेटातला तीनपैकी पहिला भाग कापून झाला होता. आडवं पडलेलं जुनं पाणकणीस सोळा जणींनी पंधरा दिवस ओढून बाहेर काढलं. खालून काळं पाणी वर आलं आणि आठवड्याभरात निवळलं. नवी पाती हिरवी, सरळ, विरळ उगवली.

नोंदणीकार म्हणून प्राधिकरणाने हौसाबाईंना नेमलं होतं. हौसाबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून होडीत मथुराबाई असायच्या. वल्हंही त्याच मारायच्या. पहिले काही दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या. मग एकदा हौसाबाईंनी डब्यातली मिरचीची भाजी न विचारता मथुराबाईंच्या भाकरीवर वाढली, आणि त्यानंतर कामाव्यतिरिक्तचंही बोलणं सुरू झालं. मुख्यतः लेकीसुनांच्या तक्रारी.

यंत्र दर महिन्याला येत असे. त्याने या भागात एक नवा ठिपका दाखवला होता, कापलेल्या कडेला. प्राधिकरणाचा नियम असा होता, की यंत्राचा आकडा आणि माणसाने डोळ्यांनी पाहिलेला आकडा वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे, एकावरून दुसरा भरायचा नाही. हा नियम निलोफरने घालून घेतला होता.

सकाळचं ऊन आडवं येत होतं. दोघी त्या ठिपक्याच्या जागच्या झुबक्यापासून दहा हातांवर होडी थांबवून अर्धा तास बसल्या. मादी मान ताणून, चोच वर करून उभी होती. वारा आला तशी डुलली. मग केव्हातरी तिने ठरवलं असावं, की या दोघींपासून भय नाही. मान हळूहळू आखडली, ती दोन पावलं खाली उतरली, पाण्यात चोच मारून चांदीसारखा मासा उचलला आणि परत वर चढली. बैठकीवरून फिकट पिवळसर लवीची डोकी वर आली आणि एकमेकांना ढकलू लागली.

मथुराबाईंनी तक्ता मांडीवर घेतला.

‘लिही,’ हौसाबाई हलकेच म्हणाल्या. ‘चार पिल्लं.’

मथुराबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. एक, दोन, तीन. मादी हलली, पुन्हा मोजली. तीन. चौथं तिच्या पंखाआड असेल, किंवा नसेलही.

‘वन्सं, मला तीनच दिसतात.’

हौसाबाईंची नजर घरट्यावरून हलली नाही.

‘मग तीनच लिही,’ त्या म्हणाल्या.